हिरोचं नाव पम्या

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. या पानावरचे अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. तुम्हालाही हसायचं असेल तर हसा... पण आधी पूर्ण वाचा.

इतवारीत माझं भांड्यांचं दुकान आहे. भांड्यांवर नावं मीच कोरतो. माझा मोठा भाऊ — दादा — धरमपेठेत राहायचा. आम्हा दोघांना लहानपणापासून एकच वेड, व्हिडिओ गेम. तेही लांबलचक गोष्टीवाले, ज्यात सुरुवातीलाच हिरोचं नाव आपण ठेवायचं असतं. लोक स्वतःचं नाव ठेवतात, नाहीतर काहीतरी भारदस्त. आमचा नियम वेगळा होता. ज्याच्यावर राग, त्याचं नाव हिरोला! मग त्याला दलदलीतून चालवायचं, राक्षसांचा मार खाऊ घालायचा... आणि गेम संपला की राग संपला. मध्ये सोडायचा नाही. गणिताच्या सरांच्या नावाने आम्ही तीन राज्यं वाचवली आहेत.

चार वर्षांपूर्वी भाचीचं लग्न झालं. आंदणाची भांडी दोन्ही मामांकडून, नावं कोरणारा मी. लग्नसराईची घाई... आणि सगळ्या भांड्यांवर माझं एकट्याचंच नाव गेलं. भर मांडवात दादा म्हणाला, "माह्यं नाव काहून गाळलं गा? मोठा व्हायचं होतं का तुले?"

चूक झाली, एवढं म्हणायला काय जात होतं माझं? पण नाही. मीही तोंडाला येईल ते बोललो. तेव्हापासून बोलणं बंद.

यंदा मार्चमध्ये दादा गेला. हार्ट अटॅक, घरातल्या घरात. तेरवीनंतर वहिनीने त्याचं गेमचं मशीन माझ्या हातात दिलं. "भाऊजी, हे तुम्हीच न्या. मले पाहवत नाही."

रविवारी दुपारी कूलर लावून बसलो आणि ते टीव्हीला जोडलं. आत एकच सेव्ह होतं, म्हणजे खेळून जपून ठेवलेला एकच डाव. हिरोचं नाव — पम्या.

मला पम्या म्हणणारा जगात तो एकटाच होता. एकशे चाळीस तास चालवलं होतं त्याने मला. शेवटच्या राक्षसाच्या दारापर्यंत आणून ठेवलं होतं, आणि पुढे काही नाही. गेम अपुरा. म्हणजे राग तसाच. माझ्यावरचा राग घेऊन मेला माझा भाऊ!

डोकंच फिरलं. चार भांड्यांपायी? कंट्रोलर भिंतीवर फेकला. "काहून ओरडून राहिले जी?" बायको आतून म्हणाली. मी मशीनची वायर उपटली, पिशवीत कोंबली आणि सोमवारी तेवढी वायर दुकानात सोबत घेऊन गेलो. पुन्हा लावायचा मोहच नको.

दुकानात मात्र दिवसभर एकच घोळत होतं. तो राक्षस आपणच मारून टाकू. कसाही का होईना, राग संपवू. संध्याकाळी घरी आलो, वायर जोडली, टीव्ही लावला.

सेव्हवर लिहिलं होतं — पूर्ण.

आत गेलो. राक्षस मेलेला. पम्या आपल्या गावात, आपल्या घराच्या दारात उभा. एकशे एक्केचाळीस तास.

वायर दिवसभर माझ्या गल्ल्याखाली होती. मशीन इंटरनेटला जोडलेलं नव्हतं. बायकोला ते सुरू कुठून होतं हेही माहीत नाही. रिपेअरिंगवाल्याला दाखवलं, तो म्हणाला, "वायरीबिगर हे चालतच नाही, भाऊ." कसं झालं, मला आजही सांगता येत नाही.

वहिनी म्हणते, त्यांनी माफ केलं तुम्हाले, आता रडून घ्या. मला रडू येत नाही, चीड येते! चार वर्षं मी ते एक वाक्य घोकलं. कितीदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. मले माफी मागायची होती गा दादा... तुह्या दारात उभं राहून, चार शिव्या खाऊन. तू न मागताच देऊन मोकळा झाला. आता मी कोणाले मागू?