बिनकामाचा उजेड

माधवनगरात मिल्काबाई वाक्रूळकरांना रिकामं बसलेलं पाहिलेला माणूस सापडायचा नाही. गिरणीतल्या फिटरची बायको म्हणून त्या कोकणातून इथं आल्या. पुढं गिरणी बंद पडली, नवरा गेला, लेक इस्राएलला गेली. बाईंचे हात मात्र चालूच. भाजी ढवळता ढवळता त्या गल्लीचाही कारभार ढवळून काढत.

त्यातलाच उजवा हात यंदा हनुक्काच्या तोंडावर प्लॅस्टरात अडकला. डावा नुसता थरथरणारा. हनुक्का म्हणजे यहुद्यांचा आठ संध्याकाळचा दिव्यांचा सण. पहिल्या दिवशी खिडकीत एक दिवा, मग रोज एकेक वाढता. आणि ते लावायला एक सेवक मेणबत्ती. गावात दुसरं यहुदी घर नाही. लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, बॅटरीचा लाव." बाईंनी फोनच ठेवला. आजवर एकदाही अंधारी न राहिलेली खिडकी यंदा अंधारी राहणार, या धास्तीनं शेवटी त्यांनी शेजारच्या हरणाबाईंना हाक मारली.

हरणाबाई मटाराचं ताट घेऊनच आल्या. मेणबत्ती त्यांनी काडीनं झोकात पेटवली. पण तिच्यावरून दिवा लावायचा म्हटल्यावर मागं सरल्या.

"दिव्यानं दिवा लावू न्हाई गं. आमच्यात चालत न्हाई."

"आमच्यात तसाच लावतात."

"मग तूच लाव. मी निस्ता हात धरते. पाप लागलं तर तुज्या हाताला."

"लागू दे. डावाच आहे."

हरणाबाईंनी तो हात घट्ट धरला. मिल्काबाईंनी हिब्रूतला आशीर्वाद म्हटला आणि खोबरेलातली वात पेटली. डोळ्यांत धूर गेला, असं त्यांनी न विचारताच सांगून टाकलं.

हरणाबाई दिव्यापाशी बसून मटार सोलायला लागल्या.

"ठेव ते. या उजेडात काम करायचं नसतं."

"मग उजेड कशाला?"

"वर्षभर आपण देवाला कामंच सांगतो की. या दिव्याला एकही सांगायचं नाही. नुसतं बघायचं."

"आन् तू निस्ती बसतीस?"

"बसते. जीव जातो, पण बसते."

दोघी बसल्या. थोड्या वेळानं मिल्काबाईंनी हळूच विचारलं, "रस्त्यावरनं दिसतोय का गं? येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा, म्हणून तर खिडकीत."

हरणाबाई रस्त्यापलीकडं जाऊन उभ्या राहिल्या. एका रिक्षावाल्याला थांबवून त्यालाही बघायला लावलं. मग तिथूनच ओरडून सांगितलं, "दिसतोय गं. पर तुजं डोस्कं मदी येतंय. सरक जरा."