यादीतलं तेरावं नाव

पनवेलच्या जुन्या गावात एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. तिला आम्ही सभागृह म्हणतो. तिथे दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाच ते आठ गाण्याचा कार्यक्रम होतो. तिकीट नाही, पास नाही, कुणाची ओळख लागत नाही. ज्याला गायचंय त्याने वीस तारखेच्या आत नाव द्यायचं. बारा नावं झाली की यादी बंद. ज्याला ऐकायचंय त्याने येऊन सतरंजीवर बसायचं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागे खुर्च्या असतात आणि त्या खुर्च्यांवर साडेचारलाच रुमाल पडलेले असतात. फुकटच्या कार्यक्रमालाही जागा धरायची आपल्या लोकांची सवय काही जात नाही.

हा कार्यक्रम मी तीन वर्षं चालवला. बँकेतून निवृत्त झालो होतो. मला गाता येत नाही, पण यादी करता येते आणि वेळ संपली की माणसाला खाली बसवता येतं. गाणाऱ्यांच्या कार्यक्रमाला एक तरी न गाणारा लागतोच, असं मी अभिमानाने सांगत असे.

माझ्या आधी ज्या गृहस्थांकडे हे काम होतं, त्यांची सून दर महिन्याला गायची. दर महिन्याला म्हणजे दर महिन्याला. आवाज बरा होता तिचा, पण मागच्या खुर्च्यांवर कुजबुज व्हायची, "घरचं कार्य आहे हो." खोटं कशाला बोलू, त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. पुढे ते गृहस्थ मुलाकडे पुण्याला गेले आणि काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच रविवारी मी माईक हातात घेऊन जाहीर केलं की माझ्या घरचं माणूस सगळ्यांच्या शेवटी गाईल, तेही वेळ उरली तर. आमच्या घरात लग्नाच्या पंगतीला घरचे शेवटी बसायचे, तेच इथे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी बायको तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात थर्मासमधून चहा ओतत होती. तीही हसली.

माझ्या घरचं माणूस म्हणजे ती एकटीच. मुलगी लग्न होऊन बंगलोरला. बायको लग्नाआधी सात वर्षं पेणला एका बाईंकडे गाणं शिकली होती. बाई गेल्या, त्यांच्या शिष्या कुठे कुठे पांगल्या. त्या बाईंनी स्वतः लिहून स्वतः चाल लावलेलं एक गाणं एकट्या हिच्याकडे होतं. ते कुठल्या कॅसेटवर नाही, कुठल्या वहीत नाही, बाईंच्या घरच्यांनाही येत नाही. ते एकदा चार लोकांसमोर, पेटी-तबल्याबरोबर, नीट म्हणायचं, एवढीच तिची इच्छा. ती मला आठवड्यातून एकदा तरी बोलून दाखवायची. मी म्हणायचो, होईल गं.

म्हणून मग माझ्या वहीत दर महिन्याला बारा नावांखाली तेरावं नाव तिचं असायचं. आणि दर महिन्याला आठ वाजायचे. वाचनालयाचा रखवालदार आठला पाच कमी असतानाच किल्ल्या वाजवत जिन्यात उभा राहतो. त्यात गाणाऱ्यांना एक कडवं सांगितलं की तीन म्हणायची हौस. कुणी सुकापूरहून खास आलेलं असायचं, कुणाची नात ऐकायला बसलेली असायची, कुणाचा पट्टीचाच घोळ व्हायचा. त्यांना तोडायचं माझ्या जिवावर यायचं. बायकोची वेळ तोडायला काही वाटायचं नाही, कारण ती कधी हूं की चूं करत नसे.

एकदा मात्र अगदी हातातोंडाशी आलं होतं. दोघांनी आयत्या वेळी घसा बसल्याचं कळवलं. साडेसातला दहा गाणी संपली आणि मी तिला खूण केली. ती उठली. दर वेळी ती आंब्याच्या रंगाची नारायणपेठ नेसून यायची, आज होईल म्हणून. तिने पदर सारखा केला, पेटीवाल्यांना पट्टी सांगितली. तेवढ्यात दारातून एक म्हातारे गृहस्थ आत आले. विचुंब्याला नवीनच राहायला आलेले, निवृत्त शिक्षक, जिना चढून धाप लागलेली. त्यांनी हात जोडून विचारलं, मला एक म्हणता येईल का? पाहुणा माणूस. पहिल्यांदाच आलेला. मी बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही, त्यांना म्हटलं, या ना, या. त्यांनी गायलं ते चांगलं वीस-पंचवीस मिनिटं. ती उभी होती तिथेच खाली बसली आणि फोनवर त्यांचं गाणं रेकॉर्ड करू लागली, कारण रेकॉर्डिंगही तिच्याचकडे असायचं. रिक्षात मी तिला समजावत होतो की पाहुण्याला नाही म्हणणं कसं दिसलं असतं. ती म्हणाली, बरं केलंत. मला ते खरंच वाटलं. असा मी.

आमच्याकडे कोन गावाहून एक भजनी गृहस्थ येत. मूळ शेतकरी, जमिनी एक्सप्रेसवेच्या बाजूला, आता मोठा व्यवहार, पण सतरंजीवर मांडी घालून पहिल्या ओळीत बसायचे. त्या दिवशी जिन्यात त्यांनी मला गाठलं.

"वैनींना का नाय गाऊ देत तुमी?" ते म्हणाले. "आमच्या भजनात घरचा मानूस पयला गातो. तो घसा मोकला करतो, मंग पावने."

मी हसून म्हटलं, आमच्यात उलटं असतं. ते मान हलवून चपला शोधू लागले. मला त्यांचा थोडा रागच आला, आमच्या घरच्या गोष्टीत यांनी का नाक खुपसावं म्हणून.

तिसऱ्या वर्षी बायकोच्या गळ्याला गाठ दिसली. थायरॉइडची. कॅन्सर नाही हे कळलं तेव्हा आम्ही दोघंही दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून रडलो. पण ऑपरेशन करावं लागणार होतं आणि डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं की आवाजाची नस अगदी चिकटून असते, शंभर टक्के खात्री कुणी देणार नाही. तारीख पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली मिळाली. मधे शेवटचा रविवार येत होता.

त्या आठवड्यात मी यादी करत बसलो होतो. ती भाजी निवडता निवडता उठून माझ्यासमोर येऊन बसली. तीन वर्षांत तिने माझ्याकडे सरळ काही मागितलं नव्हतं.

"या महिन्यात मला घ्या," ती म्हणाली. "पहिलीच घ्या. दहा मिनिटांत संपवते."

आता ऐका मी काय केलं. मी वही बंद केली आणि तिला म्हटलं, अगं, यादी तर भरलीय. आणि आता तुला मधे घुसवलं तर लोक म्हणतील बायकोच्या आजाराचं निमित्त करून नियम मोडला. तू बरी होऊन ये, पुढच्या महिन्यात पहिलं नाव तुझंच. शब्द देतो. हे सगळं मी फार प्रेमाने बोललो, तिचा हातही हातात घेतला. मनातून मला आणखी एक वाटत होतं, ते आज लिहितो. तिला आत्ता गायला लावलं, तर जणू हे शेवटचं असं मीच ठरवल्यासारखं होईल, अशी भीती होती. पण ती भीती मी तिला सांगितली नाही. नियम सांगितला. ती परत भाजीकडे गेली.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ गेली, आवाजही गेला. दोष कुणाचा नाही. सुरुवातीला नुसता वारा निघायचा तोंडातून. मग व्यायाम, वाफ, गोळ्या, आठवड्यातून दोनदा खारघरला जाऊन आवाजाचे धडे. सहा महिन्यांनी बोलणं आलं, घोगरं, हळू, दोन वाक्यांनंतर दम लागणारं. डॉक्टर म्हणाले, बोलण्यापुरतं आलंय, यात समाधान माना; वरचे सूर येणार नाहीत. तिने मान डोलावली आणि दवाखान्यातून बाहेर पडताना मला म्हणाली की दूध घ्यायचंय, विसरू नका.

मला रात्रंदिवस टोचत होतं. काहीतरी करायला हवं होतं. आणि आमच्यासारख्या माणसाला काहीतरी करायचं म्हटलं की एकच सुचतं: सत्कार. मी शाल आणली, नारळ आणला, एका ओळखीच्यांकडून मानपत्र लिहून घेतलं. 'पडद्यामागची कलाकार' असं त्यावर छापलं. तिला सांगितलं नाही, आश्चर्याचा धक्का द्यायचा होता ना. त्या रविवारी बारा गाण्यांच्या आधी, बरोबर पाच वाजता, मी तिचं नाव पुकारलं. पहिलं नाव.

ती थर्मास खाली ठेवून पुढे आली. गायला उठली होती तेव्हासारखा तिने पदर सारखा केला. मग तिला ताटातली शाल दिसली. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. विचुंब्याचे शिक्षक डोळे पुसत होते. शाल पांघरली, नारळ हातात दिला. आणि मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी, अगदी चांगल्या मनाने, म्हणालं, वहिनी दोन शब्द बोला. कुणीतरी माईक तिच्या हातात दिला. तिने तो तोंडाजवळ नेला. पेटीवाल्यांनी तिने त्या वेळी सांगितलेली पट्टी धरली, काळी चार, आणि मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी भात्यावरचा हात काढून घेतला. तिने माईक माझ्याकडे परत दिला, सगळ्यांना नमस्कार केला आणि चहाकडे गेली. कोनचे गृहस्थ तेवढे टाळ्या न वाजवता खाली बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉटवर शालीची घडी घालत बसली होती. मी चहाचा कप घेऊन समोर बसलो आणि विचारलं, तुला वाईट वाटलं का काल? ती घडीच सारखी करत राहिली.

"टाळ्या नको होत्या हो मला," ती म्हणाली. मग दम घेतला. "यादीत नाव नसतं आलं तरी चाललं असतं. तीन वर्षं बारा-बारा जणांचं बसून ऐकलंत. माझं इथे घरी एकदा शेवटपर्यंत बसून ऐकायचंत."

मी म्हणणार होतो की रोज तर ऐकत होतो. स्वयंपाकघरातून यायचं की. पण मी ते गाणं आठवायला लागलो आणि मला फक्त मुखडा आठवला. दोन ओळी. त्याच्यापुढे ती गेली की मी चहा मागायचो, नाहीतर बातम्या लावायचो, नाहीतर यादीतल्या कुणाचा तरी फोन यायचा. पुढे काय आहे ते मला ठाऊकच नव्हतं. ते आता या जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं.

मी तिला म्हटलं, पुढचं सांग. गाऊ नकोस, नुसतं सांग.

तिने शाल बाजूला ठेवली. मधेच माझा फोन वाजला, तो मी बंद केला. दम घेत घेत, थांबत थांबत, तिने मला त्या गाण्याचे शब्द सांगितले. नुसते शब्द. तीन कडवी होती. मी शेवटपर्यंत बसलो.