उन्होंने

चूक माझी होती, हे आधीच सांगते. दोन हजारच्या दशकात मी लंडनच्या कोर्टांत उर्दूची दुभाषी होते. औरंगाबादेत वाढलेली, त्यामुळे उर्दूचा माज भरपूर.

आरोपी एका दूरच्या देशातल्या यादवीतला कमांडर. इथं येऊन मुकाट टॅक्सी चालवत होता. तिकडच्या छळाचा खटला इकडे कशाला, असं आमच्या स्टॅनमोर उपनगरातल्या मैत्रिणी मला विचारायच्या. काही गुन्ह्यांना सरहद्द आड येत नाही, एवढंच मी सांगायची.

साक्षीदार म्हणजे एक म्हातारे शाळामास्तर. निर्वासित होऊन कराचीत बरीच वर्षं काढलेली, म्हणून उर्दू. ती आरोपीलाही कळायची. मास्तरांच्या धाकट्या भावाला त्यांच्यादेखत मारून टाकलं होतं आणि ते पाहिलेलं दुसरं कुणी जिवंत नव्हतं.

मास्तर म्हणाले, "उन्होंने मारा." मी इंग्रजीत सरळ अनेकवचन ठोकून दिलं. झालं! बचावाचा वकील टपलेलाच होता. म्हणजे मारणारे पुष्कळ होते, मग नेमकं कुणी मारलं हे तुम्हाला सांगता येत नाही, असं म्हणून तो ज्यूरीकडे वळला. मास्तर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा कुठे चूक माझ्या ध्यानात आली. उन्होंने म्हणजे आपलं 'त्यांनी'. सासऱ्यांनाही त्यांनी, चार चोरांनाही त्यांनी. अगं बाई, अक्कल काय चरायला गेली होती तुझी?

गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. मी उठून न्यायाधीशांना सांगितलं की चूक माझी आहे, साक्षीदार एकाच माणसाविषयी बोलताहेत, आदरार्थी. न्यायाधीशांनी मला मास्तरांना विचारायला लावलं, की भावाच्या मारेकऱ्याला आदर कसा? विचारताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

 मास्तर हळूच म्हणाले, "त्यांच्यापुढे एकेरी बोललेल्याची जीभ जागेवर राहत नसे. सवय लागली."

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, कुणी मारलं? मास्तरांनी कठडा घट्ट धरला आणि त्या दिवशी पहिल्यांदा काचेआड बसवलेल्या आरोपीकडे पाहिलं.

"उसने मारा."

मी इंग्रजी केलं. इंग्रजीत आदरार्थी काय नि एकेरी काय, शब्द तोच इवलासा, ज्यूरीनं नुसता लिहून घेतला. काय घडलं ते तिघांनाच कळलं: मास्तरांना, मला, आणि झटकन मान वर केलेल्या त्याला.