वेस्ट इंडीजचं व्याख्यान आणि देवळाचा रंग

आमच्या गावची व्याख्यानमाला दुपारी चारला सुरू होते. पूर्वी रात्री जेवणं आटोपून लोक निवांत यायचे, पण उसात बिबटे वाढले तसं प्रत्येकाला दिवेलागणीच्या आत घर गाठायचं असतं. वक्ते आणायचं काम माझ्याकडे. मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे मला काही उद्योग नाही असा गावाचा ठाम समज आहे.

यंदा मी कॉलेजातल्या मैत्रिणीला बोलावलं. नवऱ्याच्या नोकरीपायी ती त्रिनिदादला गेली आणि तिथल्या जुन्या वास्तू जपण्याच्या कामात रमली. विषय ठरला कॅरिबियन बेटांचा इतिहास आणि तिथल्या इमारतींचं जतन. असलं नाव वाचून कोण येणार, म्हणून जुन्नरच्या फ्लेक्सवाल्यानं परस्पर ‘वेस्ट इंडीजचा इतिहास’ असं छापलं आणि शेजारी बॅट, बॉल आणि तीन स्टंप टाकले. त्याला मी फोनवर जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोवर फ्लेक्स एसटी स्टँडवर लागलाही होता.

माझी खरी काळजी मात्र वेगळी होती. शाळेला लागून गावचं देऊळ आहे, काळ्या दगडाचं, खांबाखांबावर बारीक नक्षी. मागच्या वर्षी माझी धाकटी जाऊ दवाखान्यात होती. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा माझे दीर त्या देवळात जाऊन नवस बोलले, की ही उठून घरी आली तर अख्ख्या देवळाला आतून-बाहेरून रंग देईन. ती आली. आता यात्रा तोंडावर आली होती आणि ऑइलपेंटचे डबे सभामंडपात येऊन पडले होते. पोपटी, गुलाबी आणि कडांना सोनेरी. व्याख्यानाच्या दुसऱ्याच दिवशी रंगारी येणार होते.

मी एकदा विषय काढून पाहिला होता. दिरांचा चेहरा पांढराफटक पडला.

“वहिनी, तुमचा दगुड ऱ्हाईल. पर हिला काय झालं तर?”

मी गप्प बसले, आणि मी गप्प बसणं ही आमच्या घरात बातमी असते. पण नक्षी डोळ्यांसमोरून हलेना. मग म्हटलं, आपण नको, मैत्रिणीला बोलू दे. लेकी बोले सुने लागे.

व्याख्यानाला शाळेचा हॉल खचाखच भरला. शेजारच्या डिंगोरे गावची टेनिस बॉलची आख्खी टीम मोटारसायकलींवर आली होती. मैत्रीण उभी राहायच्या आतच एकानं विचारलं, की वेस्ट इंडीजची टीम आता पहिल्यासारखी का खेळत नाही. ती हसली आणि म्हणाली, क्रिकेटवर येते, पण आधी उसाचं सांगते.

उसाचं म्हटल्यावर कोण उठणार? आफ्रिकेतून बेड्या घालून आणलेली माणसं तिनं सांगितली. त्यांची गुलामगिरी संपल्यावर करार करून, जहाजात भरून नेलेली आपल्या उत्तरेकडची माणसंही सांगितली. ऊस तोडून फाटलेले हात आमच्या लोकांना समजावून सांगावे लागत नाहीत. रस उकळताना मळी काढायला ते काय घालायचे, असं मागून कुणी विचारलं. चुना, ती म्हणाली. आमच्याकडे गुळाला भेंडी घालतात, असं चारपाच जणांनी एकदम सांगितलं, आणि तिथून व्याख्यानाच्या गप्पा झाल्या.

मग तिनं पडद्यावर एक भिंत दाखवली. साखरेच्या जुन्या कारखान्याची, दगडी. लोकांनी मायेपोटीच तिला सिमेंट थापलं, वर चकचकीत रंग दिला. आतली ओल आतच कोंडली आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटले. नक्षीची जागा सपाट झाली होती.

दीर पहिल्या रांगेत होते. त्यांची मान खाली गेली. खरं तर मला हेच हवं होतं, पण ती मान मला बघवेना. ते उठले आणि बाहेर जाऊन देवळाच्या कट्ट्यावर बसले. मी मागोमाग गेले, आणि माझ्या मागून जाऊ.

“सगळं कळलं वहिनी,” ते म्हणाले. “पर देवाला शबूद दिलाय. तो मोडला आन् हिला पुन्यांदा काय झालं, तर मी कुटं जाऊ?”

मी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसले.

जाऊ धापा टाकत टेकली. या नवसाबद्दल ती वर्षभरात कधी बोलली नव्हती. आम्हीही तिला कधी विचारलं नव्हतं.

“मी घरी आले, तवा देवळाला रंग व्हता का?” तिनं विचारलं.

दिरांनी मानेनंच नाही म्हटलं.

“नव्हता. हितंच, उघड्या दगडापाशी बसून तुमी मला मागितलं, आन् त्यानं दिलं. आता त्या दगडाला कशाला दुखवताय? मला बरं करायला त्याला रंग लागला न्हाई.”

दिरांनी तिचा हात धरला आणि ते लहान मुलासारखे रडले. मीही रडले, उगाच कशाला खोटं बोलू? जावेनं आम्हा दोघांना रडू दिलं, मग चहाची वेळ झाल्याची आठवण केली. पुढे त्या रंगानं शाळेचं फाटक आणि कुंपणाची भिंत रंगली. नवस फिटला असं त्या दोघा नवरा-बायकोनं मनापासून मानलं.

व्याख्यान संपल्यावर आम्ही तिघं घराकडे निघालो. दवाखान्यातून आल्यापासून दीर जावेच्या मागून चालायचे, ती पडली तर धरायला. वर्षभर त्यांनी पुढचा रस्ता पाहिलाच नव्हता. त्या संध्याकाळी ते डिंगोऱ्याच्या पोरांशी काही बोलत सरळ पुढे निघून गेले, तिच्याकडे वळूनसुद्धा न बघता. बायकोला मागे टाकून चालणाऱ्या नवऱ्यांची मला एरवी भारी चीड येते. त्या दिवशी त्यांची ती पाठ बघून मला इतकं हायसं वाटलं, की मी जावेचा हात धरून मुद्दाम हळू चालले.