एकच फोल्डर

दुष्काळाच्या त्या वर्षांत शहर मात्र चितेगावच्या दिशेनं सरकत चाललं होतं. शेतांचे प्लॉट पडत होते आणि त्या प्लॉटांचे नकाशे काढणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचे. नकाशांचं सॉफ्टवेअर जुनं, नव्या मशीनवर चालेना. म्हणून साहेबांच्या कॉम्प्युटरच्या आत मी एक व्हर्च्युअल मशीन बसवलं होतं, म्हणजे आतल्या आत दुसरा, जुन्या पद्धतीचा कॉम्प्युटर. नकाशांचं फोल्डर होतं बाहेर. एका ओळीची कमांड देऊन ते आत दिसेल असं केलं होतं. त्या ओळीत ‘रीडओन्ली’ घातलेलं, आतून फक्त पाहता यावं म्हणून. दुरुस्त झालेले नकाशे मी स्वतः बाहेर ठेवायचे.

साहेबांना ते जाचायला लागलं.

“मॅडम, दरवेळी तुमची वाट बघायची का? ते बंधन काढा.”

“सर, आत दिसतंय ती कॉपी नाही. फोल्डर एकच आहे. आतून पुसलं की बाहेरचंही जाईल.”

“तुम्ही उगाच घाबरवता.”

मी जुनी जोडणी काढली आणि ‘रीडओन्ली’ वगळून कमांड पुन्हा दिली. शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण होती. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि हसली.

ती लासूर स्टेशनची, इथं खोली करून राहायची. तिच्या गल्लीत टँकर आला नाही की आंघोळीला आमच्याकडं यायची. आई तिच्यासाठी एक बादली राखून ठेवायची, मग घरातल्या कुणाची आंघोळ राहिली तरी चालेल.

पुढं साहेबांचं मशीन अडखळायला लागलं. जागा करायची म्हणून त्यांनी आतून सगळं फोल्डर पुसलं. बाहेर तर नकाशे आहेतच, असं धरून चालले ते. बॅकअपची डिस्क मी मागितली होती, ती कधी आलीच नाही. ऑफिसातल्या पोरांनी उन्हात रानोमाळ हिंडून केलेली मोजणी गेली.

ऑफिसच्या मालकांनी आम्हा तिघांना बोलावलं. साहेब म्हणाले, “कमांड यांनीच दिली होती.”

ते खरंच होतं. मी म्हणाले, “मी बजावलं होतं. हिनं ऐकलंय.”

मालकांनी मैत्रिणीला विचारलं. ती टेबलाकडं बघत म्हणाली, “मी फोनवर होते, सर. काय बोलणं झालं, मला नाही माहीत.”

महिना सरायच्या आत मला जायला सांगितलं. माझी खुर्ची तिला मिळाली. आईनं एकदा विचारलं, “ती पोरगी येत नाही का गं आता?” मी म्हणाले, “पाणी आलं असेल तिच्याकडं.”

नवी नोकरी लागेपर्यंत पावसाळाही कोरडाच गेला. मग एका दुपारी तिचा फोन आला. मला वाटलं, आता तरी काही बोलेल.

“अगं, ते फोल्डर जोडायची कमांड काय होती? मला लई शोधूनही सापडेना.”

मी सांगितली, ‘रीडओन्ली’सकट. तिनं एकेक शब्द परत म्हणवून घेतला, लिहून घेतला आणि विचारलं, “बाकी बरी आहेस ना?”

“व्हय,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.