मिरजोळ्याचा स्क्रम

दुखऱ्या मानेला लावायच्या मलमाचा वास आला की मला मिरजोळ्याचं ते मैदान आठवतं. रत्नागिरीतल्या क्रीडाशिक्षकांना आणि कॉलेजच्या मुलींना रग्बीतला स्क्रम शिकवायला मी दोन दिवसांसाठी गेलो होतो. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ जण खांदे अडकवून, वाकून एकमेकांना रेटतात, आणि सगळा भार पुढच्या तिघांच्या मानेवर येतो. जांभ्याची लाल जमीन तापली होती. संध्याकाळी आयोजक बघायला येणार, म्हणून मला पूर्ण स्क्रम लावायची घाई झाली होती. एक वयस्क शिक्षिका म्हणाल्या, "सर, पोरी अजून गुडघ्यावर बसूनसुद्धा नीट रेटत नाहीत. उद्या करूया की." मी हसून शिट्टी फुंकली. पहिल्याच रेट्यात स्क्रम कोसळला. सगळ्या उठल्या, पुढच्या फळीतली एक उठली नाही. मी तिला उचलायला धावलो, तशा बाई ओरडल्या, "हात लावू नका!" तिचं डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट धरून त्या म्हणाल्या, "मान हलवू नको गो बाय. नुसती बोटं हलव बघू." बोटं लगेच हलली नाहीत. तेवढा वेळ मी नुसता येरझारा घालत होतो. मग एक बोट हललं. डॉक्टरांनी मुका मार म्हणून तिला घरी सोडलं, तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी बाईंची माफी मागितली आणि गुडघ्यावर बसण्यापासून पुन्हा सुरुवात केली. आजही मी गावोगाव हेच शिकवतो. पण सोळा जणी वाकल्या की सगळ्या उठेपर्यंत माझं लक्ष चेंडूकडे नसतं, मी डोकी मोजत असतो.