डेपोसमोरची शेवंता

विकत घेतलेल्या वस्तूचा शेवटचा थेंब पिळून काढण्यात आमच्या कडावच्या आत्याचा हात धरणारं माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात झालं नसेल. ताप उतरला तरी ती औषधाची बाटली संपेपर्यंत डोस घ्यायची. "कडू हाय म्हनून टाकू का? इकत घेतलंय," म्हणायची. कशेळ्याच्या बाजारात एकदा तिने फोटो काढून घेतला. फोटोवाल्याने "झालं आजी" म्हटल्यावरही ती त्या गादीच्या खुर्चीतून हलेना, कारण फोटोच्या पैशांत खुर्चीही आली, अशी तिची पक्की समजूत. शेवटी त्या बिचाऱ्याने पुढच्या गिऱ्हाइकाला उभं करून फोटो काढला.

अशा बाईला मी मुंबईच्या बसचं दिवसभराचं तिकीट काढून दिलं. त्या काळी सुट्टीच्या दिवशी तसं एक तिकीट मिळे. ते एकदा घेतलं की दिवस संपेपर्यंत कुठल्याही बसमध्ये चढा, कुठेही उतरा. माझ्या मुलीच्या बारशाला आत्या आली होती, म्हटलं तिला राणीची बाग दाखवू. पण बागेचा थांबा आला तरी ती खिडकीशीच. "हत्ती कुटं पळून जात नाय. हे तिकीट आजच्यापुरतंच हाय," म्हणाली. मग आम्ही एका बसमधून उतरून दुसरीत, दुसरीतून तिसरीत चढत राहिलो. कंडक्टर दिसला की त्याने विचारायच्या आत ती तिकीट त्याच्या नाकासमोर धरी. एकाला तर तिने तीनदा दाखवलं. तो हात जोडून म्हणाला, "मावशी, पटलं मला."

दुपार कलल्यावर माझ्या ध्यानात आलं, की एरवी डुलक्या काढणारी आत्या डेपो आला की खिडकीबाहेर मान काढते आणि समोरची घरं निरखते. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "माजी शेवंता ऱ्हाते रं हितं. डेपोच्या समोर घर, खाली पिठाची गिरन. एवढंच ठावं हाय." शेवंता तिची लहानपणची मैत्रीण. लग्न होऊन मुंबईला आली ती पुन्हा भेटलीच नव्हती. मी वैतागलो. "आत्या, या मुंबईत डेपो किती आणि गिरण्या किती." ती शांतपणे म्हणाली, "म्हनून तर तिकीट हाय."

ऊन उतरता उतरता एका डेपोसमोर तिने माझा दंड गच्च धरला. रस्त्यापलीकडे गिरणीचं पिठाने पांढरं झालेलं दार होतं. वरच्या मजल्यावर काठी टेकत एका म्हातारीने दार उघडलं. आत्या म्हणाली, "जयभीम, शेवंते." म्हातारीने काठी भिंतीला लावून आत्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "दात कुटं गेलं गं तुजे?" एवढंच विचारलं.

चहा पिताना कळलं, की जन्मभर खिडकीतून बसगाड्या बघणारी शेवंता दवाखान्यापलीकडे बसने कुठे गेलीच नव्हती. आत्या उठलीच. शेवंताचं तिकीट मी काढलं. दुमजली बसच्या जिन्यावर आत्या तिला मागून ढकलत होती आणि खालून कंडक्टर "सावकाश" म्हणत होता. वर पुढच्या बाकावर दोघी बसल्या, पदर वाऱ्यावर सोडून. समुद्र आला नि गेला. त्यांनी पाहिला असेल असं वाटत नाही. त्यांचं बोलणं चाललं होतं कडावच्या शेताचं, लावणीत कोण चिखलात पडलं होतं त्याचं. बोलता बोलता दोघींनी हातात हात घेतले.

पुढच्या उन्हाळ्यात शेवंता गेली. पत्राने कळवायला मन होईना, म्हणून मी कडावला गेलो. आत्या गोठ्यात होती. ऐकून घेतलं. "भेटली व्हती रं," म्हणाली, आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवू लागली.